रामसारची पाटी, बिल्डरचं माहितीपत्रक आणि समोरचं तळं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाम बीच रोडला, नेरूळच्या बाजूला तुम्ही फ्लॅट बघताय. खिडकीसमोर तळं आहे, हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथे फ्लेमिंगो येतात. बिल्डरचा माणूस सांगतो, "हा रामसारचा भाग आहे, समोर वीट पण लागणार नाही." यावर विश्वास ठेवावा का? आणि तसं नसेल, तर रहिवाशांनी मिळून युनेस्कोकडे जागतिक वारशासाठी अर्ज केला तर तळं कायमचं वाचेल का?

लांबण लावण्याआधी उत्तर देऊन टाकते. बिल्डरच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही जास्त मोजू नका. आणि युनेस्कोचा नाद सोडा. तो अर्ज सोसायटीला करताच येत नाही, आणि करता आला असता तरी तुमचं काम त्याने झालं नसतं. तळं वाचायचं असेल तर ते दुसऱ्याच दोन गोष्टींवर वाचेल. त्या जागेच्या सर्व्हे नंबरावरून कोणत्या कायद्याची हद्द जाते ही एक, आणि तळ्यात भरतीचं पाणी कुठून येतं ही दुसरी.

पाणथळ जागांच्या हद्दी आखायच्या, पक्षी मोजायचे आणि त्यावरून व्यवस्थापन आराखडे लिहायचे हे माझं काम. त्यातलं बरंचसं ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर झालंय. मी वकील नाही. तुमचा सर्व्हे नंबरही तुम्ही दिलेला नाही, आणि पाम बीचच्या कडेला शंभर पावलांवर कायदा बदलतो. त्यामुळे खाली जे लिहिते ते तुमच्या तळ्याला किती लागू पडतं, हे कागद हातात आल्यावरच कळेल.

आधी 'रामसार' (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) म्हणजे नक्की काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ च्या ऑगस्टमध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जाहीर झालं. ते साधारण ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात आहे. क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन (खारफुटी) आणि बाकीचं खाडीचं पाणी. २०२१ मध्ये त्याच्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं. २०२२ मध्ये हे दोन्ही मिळून सुमारे ६५२१ हेक्टर क्षेत्र रामसार यादीत गेलं. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रामसारच्या ६५२१ हेक्टरांपैकी खऱ्या अर्थाने कडक कायदा लागू आहे तो १६९० हेक्टरांवर. उरलेल्या संवेदनशील क्षेत्रात काही गोष्टींना बंदी आहे, काहींवर नियंत्रण आहे, पण बांधकाम सरसकट बंद नाही. म्हणजे एखादी जागा रामसारच्या नकाशात आहे हे खरं असूनही तिथे इमारत उभी राहू शकते. आणि तुम्ही म्हणता तो नेरूळचा भाग वाशी पुलाच्या दक्षिणेला येतो, अभयारण्याच्या बाहेर. संवेदनशील क्षेत्राची रुंदी सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे तुमचं तळं त्यात आहे की नाही हे अधिसूचनेला जोडलेल्या नकाशावरच बघावं लागेल. बिल्डरच्या माहितीपत्रकावरचा गुलाबी पक्षी पुरावा म्हणून चालत नाही.

रामसार हा मुळात देशादेशांमधला करार आहे. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसार गावात झाला, भारताने तो १९८१ मध्ये स्वीकारला आणि १९८२ पासून तो इथे लागू झाला. एखादी जागा यादीत घालताना सरकार जगाला सांगतं की ही पाणथळ महत्त्वाची आहे आणि आम्ही तिचं स्वरूप टिकवू. पण हा शब्द मोडला तर दंड करणारा कोणी नाही. उलट 'तातडीच्या राष्ट्रीय हितासाठी' हद्द कमी करण्याची किंवा जागा वगळण्याची मुभा करारातच आहे; बदल्यात दुसरीकडे तेवढी पाणथळ राखावी अशी अपेक्षा आहे, इतकंच. ज्या जागांची स्थिती बिघडतेय त्यांची 'मॉन्त्रो नोंद' नावाची वेगळी यादी असते. आपल्याकडचं ओडिशातलं चिलिका सरोवर तिच्यात गेलं होतं आणि समुद्राकडचं नवं मुख उघडल्यावर २००२ मध्ये बाहेर आलं. राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव पक्षी उद्यान आणि मणिपूरचं लोकटाक मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यात अडकून आहेत.

युनेस्कोचा जागतिक वारसा हा १९७२ चा वेगळा करार. त्याची पहिली यादी १९७८ मध्ये आली, त्यात गॅलापागोस आणि यलोस्टोन होतं. तिथे नामांकन फक्त देशाचं सरकार करू शकतं. आधी संभाव्य यादीत नाव लागतं, मग भलंमोठं दप्तर तयार होतं, नैसर्गिक स्थळ असेल तर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेचे तज्ज्ञ येऊन तपासणी करतात. ते दोन गोष्टी बघतात: ही जागा साऱ्या जगाच्या दृष्टीने अनन्य आहे का, आणि ती अखंड, धडधाकट आहे का. पहिल्या मुद्द्यावर ठाणे खाडीसाठी कोणी भांडेलही. दुसऱ्या मुद्द्यावर आपण उभे राहू शकत नाही. दोन्ही काठांवर महानगर, डोक्यावरून एकामागून एक पूल, उच्चदाबाचे मनोरे, आणि आत येणारं सांडपाणी. याच जातीची वारसास्थळं बघायची तर नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्याचा वाडन समुद्र बघा. भरती-ओहोटीचा चिखलपट्टा तोच, पण तीन देशांच्या किनाऱ्याला सलग पसरलेला. तिघांनी १९७८ पासून एकत्र काम केलं, तरी यादीत नाव आलं २००९ मध्ये, आणि डेन्मार्कचा भाग जोडला गेला २०१४ मध्ये.

समजा, उद्या कोणी जादू करून तुमच्या तळ्याला तीही पाटी लावली, तर पुढे काय होतं? याचं उत्तर द्यायला मी नेहमी भरतपूरकडे जाते, कारण त्या एका जागेला मिळू शकतील तेवढे सगळे किताब मिळालेले आहेत. केवलादेव हे १९८१ चं रामसार स्थळ, भारताच्या पहिल्या दोनांपैकी एक. त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यान झालं. १९८५ मध्ये जागतिक वारसा. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर, भोवती भिंत. कायद्याने म्हणाल तर याहून बंदोबस्त शक्य नाही.

पण त्याचं पाणी यायचं गंभीर नदीवरून, अजान बांधातून. वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं, आणि २००४ च्या आसपास तिथल्या शेतकऱ्यांनी खाली पाणी सोडायला विरोध केला. शेतकऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पिकाला पाणी नव्हतं. पण उद्यान कोरडं पडलं. जिथे बदकं आणि चित्रबलाक असायचे तिथे माती भेगाळली, गुरं चरू लागली. भिंतीच्या आत एक इंचही अतिक्रमण नव्हतं, तरी उद्यान मरायला लागलं. पुढे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या जलवाहिनीतून पाणी आणायची सोय करावी लागली, आणि पाण्याची ओढाताण अजून संपलेली नाही. तिथे येणारे सायबेरियन क्रौंच २००२ नंतर दिसलेच नाहीत. त्याला वाटेतली शिकार हेही मोठं कारण आहे, सगळं खापर पाण्यावर फोडता येणार नाही.

भरतपूरची आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. ते तळं नैसर्गिक नाही. बांध घालून पाणी अडवलं, पुढे संस्थानिकांनी तिथे बदकांच्या शिकारीसाठी पाळी-बांध घातले, त्यातून ते घडलं. हे लक्षात ठेवा, कारण नवी मुंबईतल्या तळ्यांबद्दल पहिला युक्तिवाद हाच होतो: "ही कुठे पाणथळ आहे, भरावामुळे साचलेलं पाणी आहे ते." माणसाने बांध घातला म्हणून पक्ष्यांच्या लेखी तळ्याची किंमत कमी होत नाही, आणि युनेस्कोच्या लेखीही झाली नाही. कायद्यात मात्र हा मुद्दा अवघड आहे. पाणथळींच्या २०१७ च्या नियमांतून मीठ, मत्स्यशेती, सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. त्यामुळे समोरचं तळं पूर्वी मिठागर होतं, भातखाचर होतं की नुसतं खाजण (भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन), याचा इतिहास शोधावा लागतो. तिथल्या गावठाणातल्या म्हाताऱ्या कोळ्यांना आणि आगऱ्यांना विचारा. जुनी मोजणीची शीट आणि त्यांची आठवण जुळली की निम्मं काम होतं.

परदेशातल्या बाकी उदाहरणांवर फार वेळ घालवत नाही. ओमानने अरबी ओरिक्स या वाळवंटी हरणासारख्या प्राण्याच्या अभयारण्याचं क्षेत्र नव्वद टक्के कमी केलं, तेव्हा युनेस्कोच्या हातात एकच गोष्ट होती, यादीतून नाव काढणं. २००७ मध्ये ते काढलं. स्पेनच्या दोन्याना या वारसास्थळाजवळ स्ट्रॉबेरीच्या शेतांसाठी बेकायदा विहिरी खणून पाणथळीखालचं पाणी उपसलं जातं. २०२१ मध्ये स्पेनविरुद्ध निकाल दिला तो युरोपीय संघाच्या न्यायालयाने, युरोपच्या कायद्याखाली; वारशाच्या पाटीने नव्हे. याउलट बेलीझची प्रवाळभिंत २००९ मध्ये धोक्याच्या यादीत गेली, घरच्या लोकांनी ओरड केली, सरकारने किनाऱ्यालगत तेल काढण्यावर कायद्याने बंदी आणली आणि २०१८ मध्ये ती यादीतून बाहेर आली. म्हणजे पाटी निरुपयोगी असते असं नाही. घरचा कायदा आणि घरचे लोक जागे असतील तर ती त्यांच्या हातात चांगलं हत्यार होते, एवढाच तिचा उपयोग.

आता आपल्या खाडीकडे येऊ. फ्लेमिंगोंना खाडीबाहेरची ही तळी का लागतात, हे कळल्याशिवाय तुमच्या खिडकीसमोरच्या दृश्याचा अर्थ लागणार नाही. ओहोटी लागली की खाडीत चिखल उघडा पडतो. पाण्याची कड जसजशी मागे सरते तसतसे लहान फ्लेमिंगो त्या कडेने चालत जातात, चोच उलटी धरून पाणी आत ओढतात आणि चोचीतल्या बारीक जाळीतून सूक्ष्म शैवाल गाळून घेतात. काठाला निवट्या (चिखलात राहणारे मासे) उड्या मारत असतात, एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळातून डोकावत असतात. भरती आली की हे सगळं ताट पाण्याखाली जातं. चिखलावर पुरुषभर पाणी चढतं. मग पक्ष्यांना चार-पाच तास उभं राहायला घोटाभर पाण्याची, कुत्री आणि माणसं पोहोचणार नाहीत अशी जागा लागते. ती जागा म्हणजे सीवूड्स-नेरूळकडची ही तळी. भरतीच्या वेळी थवे पाम बीच रोडच्या बाजूला उडत येताना दिसतात ते यासाठी. जेवायला खाडी, विश्रांतीला तळी. अभयारण्याची हद्द पहिल्या अर्ध्यावर आखलेली आहे, दुसरा अर्धा तिच्या बाहेर राहिला.

तळ्यात घोटाभर पाणी टिकवायचं काम करतो बांधातला एखादा सिमेंटचा पाइप किंवा जुनी उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं दार). मी पाहणीला गेले की पक्षी नंतर मोजते, आधी पाइप शोधते. एका ठिकाणचं सांगते. पौर्णिमेनंतरचं उधाण होतं, बाहेर बांधाला पाणी लागलेलं, तिवराची (कांदळवनातली) झाडं कमरेपर्यंत बुडालेली. आत मात्र चिखलाला भेगा पडल्या होत्या. पाइपच्या तोंडाशी गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्याच्या गाठोड्या, आणि त्या सगळ्याला शिवून टाकणारी तिवराची श्वसनमुळं. बाजूला नव्या कामाचा भराव पडला होता, त्याने दुसरं तोंड पार गाडलं होतं. तळं कोणी बुजवलं नव्हतं. त्याचं पाणी तोडलं की वर्ष-दोन वर्षांत ते आपोआप 'मोकळं मैदान' होतं, आणि मैदानावर काय बांधायचं ही चर्चा सुरू होते. उलटही होतं: आत आलेलं पावसाचं पाणी बाहेर जात नाही, त्यावर हिरवा थर चढतो, डास होतात, आणि रहिवासीच तक्रार करतात की तळं बुजवा. सीवूड्सच्या डीपीएस तलावाचं २०२४ मध्ये काय झालं ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. भरतीचं पाणी आत येईना आणि फ्लेमिंगो अडचणीत आले. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांचं ते तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. हा किताब लहान, पण तुमच्या दृष्टीने रामसारपेक्षा मोठ्या कामाचा, कारण तो वन्यजीव कायद्यातला आहे. फक्त मंडळाची मान्यता ही एक पायरी आणि राजपत्रातली अधिसूचना ही दुसरी, हे विसरू नका.

हाँगकाँगच्या माय पोचं उदाहरण इथे देते, कारण परिस्थिती आपल्यासारखी आहे. उथळ उपसागर, कांदळवन, समोर शेन्झेनचे टॉवर. तिथली तळी कोळंबीसाठी माणसाने बांधलेली आहेत. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्ग-संस्था १९८३ पासून ती सांभाळते, आणि दारं उघडून-मिटून तळ्यांतलं पाणी पक्ष्यांच्या सोयीने कमी-जास्त केलं जातं. १९९५ मध्ये रामसार झालं, सुमारे १५०० हेक्टर. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: नगररचनेच्या नियमांतच आसपासच्या मत्स्यतळ्यांचा संवर्धन पट्टा आणि त्याबाहेर साधारण ५०० मीटरांचा संरक्षक पट्टा घातला आहे, आणि पाणथळीचं निव्वळ नुकसान होता कामा नये हे तत्त्व परवानगी देताना तपासलं जातं. त्यावरून तिथे भांडणं होतात, दबाव येतो. पण भांडण नगररचनेच्या टेबलावर होतं. आपल्याकडे विकास आराखड्यात त्याच तळ्याचा रंग पिवळा असतो आणि पर्यावरणाच्या नकाशात निळा.

आतापर्यंतचं एका वाक्यात: रामसार आणि युनेस्को तुमच्या खिडकीची हमी देत नाहीत, हमी देतात ते घरचे कायदे, आणि त्यांच्यात जोर कमी-जास्त आहे.

सगळ्यात भक्कम अभयारण्य. त्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. तिथेही प्रकल्प अजिबात होत नाहीत असं नाही. बुलेट ट्रेन खाडीखालून जाणार आहे, सुमारे सात किलोमीटर बोगद्यातून. पण वरून पूल न टाकता बोगदा ठरला, हाच त्या कायद्याचा परिणाम. दुसरं, कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने कांदळवनाची तोड आणि त्याच्या ५० मीटरांतलं बांधकाम अडवलं आहे. सरकारी जमिनीवरचं कांदळवन राखीव वन म्हणून अधिसूचित झालं असेल तर उत्तमच. तळ्याच्या कडेला तिवर वाढलेले असतील तर तुमची बाजू एकदम मजबूत होते. काही तळ्यांच्या काठचे तिवर रातोरात वाळतात, ते याच कारणाने. तिसरं, सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र): त्यात कांदळवन आणि भरती-ओहोटीचा पट्टा सगळ्यात कडक वर्गात येतो. चौथं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशावरच्या २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ जागांना २०१० च्या नियमांतल्या नियम ४ चं संरक्षण दिलं आहे. तुमचं तळं त्या यादीत असेल तर 'अधिसूचित नाही' ही पळवाट अवघड होते.

तुम्ही करायचं ते असं. तळ्याचा सर्व्हे नंबर मिळवा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा, जमीन सरकारची आहे, सिडकोची आहे की खासगी ते बघा. विकास आराखड्याचा झोन दाखला घ्या. किनारपट्टी व्यवस्थापनाचा नकाशा उघडा आणि त्यावर तुमची इमारत आणि तळं दोन्ही शोधा. उलटं निघालं तर तुमची इमारतच त्या पट्ट्यात सापडायची, तेही कळलेलं बरं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर चालू खटल्यांची माहिती असते, ती वाचा. पर्यावरण मंजुरी घेतली असेल तर परिवेश पोर्टलवर तिच्या अटी मिळतात. बिल्डरने तिथे समोरच्या जागेचं वर्णन 'पाणथळ' असं केलंय की 'मोकळा भूखंड', ते जरूर बघा. विक्रीच्या टेबलावर एक भाषा आणि अर्जात दुसरी, हे मी पाहिलंय. 'समोर बांधकाम होणार नाही' हे करारनाम्यात लिहून द्या असंही म्हणून बघा. कोणी देणार नाही, पण नकार कसा देतात त्यावरून बरंच कळतं.

राहायला गेलात तर एक उधाण आणि एक भांग (भरती सगळ्यात कमी चढते तो दिवस) असे दोन दिवस धरून पाइप बघा, तारीख-वेळेसह फोटो काढा. पाणी आत येतं का, किती वेळाने, परत जातं का. हे दर महिन्याला केलं तर वर्षाने तुमच्याकडे जो कागद असेल तो न्यायालयात आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षात कोणत्याही किताबापेक्षा जास्त चालतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात एकदा जाऊन या. तिथून बोटीने खाडीतले पक्षी बघता येतात, आणि भरती-ओहोटीचं गणितही डोळ्यांसमोर उलगडतं. वेळ मात्र भरतीच्या तक्त्याप्रमाणे ठरते, सुट्टीच्या सोयीने नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. तळ्याकडच्या फ्लॅटला मागच्या बाजूच्या फ्लॅटपेक्षा ते चौरस फुटाला किती जास्त मागतात ते तुम्ही लिहिलं नाही. मी असते तर ती जादा रक्कम शून्य धरून व्यवहार बसतो का ते पाहिलं असतं. बसत असेल तर घ्या. सर्व्हे नंबर आणि झोन दाखला हातात आला की इथेच टाका, नकाशावर बसवून बघते.